टेनिस न खेळणाऱ्यांचा टेनिस एल्बो



या व्यासपीठावर हृदयविकारावर बोलणे झाले असेल, मधुमेहावर झाले असेल. मी कोपरावर बोलणार आहे, आणि तेही डॉक्टर नसताना. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांची कागदपत्रे वाचता वाचता झाले.

काही वर्षांपूर्वी फाउंड्रीतला एक फेटलिंगवाला चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टरांनी तीवर 'टेनिस एल्बो' असे लिहिले होते. साहेबांनी ती वाचून विचारले, "तू टेनिस कुठल्या मैदानावर खेळतोस रे?" केबिनमधले सगळे हसले. रजा नामंजूर झाली. त्या रात्री मी या दुखण्याविषयी वाचायला बसलो.

नावच मुळी फसवे. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने हे दुखणे प्रथम नोंदले, ते लेखणी चालवणाऱ्या हाताविषयी लिहिताना. टेनिसचे नाव त्याला मागाहून, इंग्लंडात चिकटले.

आता जरा मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याखाली ठेवा. स्नायू ताठ झालेला लागेल. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथे कंडरेने हाडाला बांधलेले आहेत. मूठ आवळताना मनगट पुढे लवू नये म्हणून दर वेळी त्यांना ताण धरावा लागतो. हातोडा धरणारा, कानस मारणारा, धुण्याचे पिळे पिळणारी आमची माय, सगळ्यांचा भार त्या बोटभर जागेवर. तिथे बारीक चिरा पडतात आणि त्या भरण्याआधीच दुसरी पाळी सुरू होते. मग निरोगी तंतूंच्या जागी करडा, भुसभुशीत भाग तयार होतो. जुनाट दुखण्यात दाह थोडा, झीज फार.

आपल्या सचिन तेंडुलकरचा कोपर २००४ साली असाच दुखावला. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला तो ९३ धावा काढून, आणि डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक ठोकले. सारा देश त्याच्या कोपरासाठी थांबला होता. थांबायलाच हवे होते. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

पण दहापैकी आठनऊ जण वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. भार कमी करायचा आणि स्नायूंना हळूहळू बळ देणारा व्यायाम करायचा. आमचे लोक मात्र इंजेक्शन मागतात, कारण सोमवारी पाळी असते. स्टेरॉइडने काही आठवडे खरोखर आराम पडतो. पण ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (२०१३) असे दिसले की, वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण नुसते खोटे इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के, तर स्टेरॉइडवाल्यांत ५४ टक्के होते.

सहा महिने ते वर्षभर उपचार करूनही हात उठेना, तरच शस्त्रक्रियेचा विचार. त्याआधी दुखणे मानेतल्या किंवा हातातल्या दबलेल्या नसेचे तर नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी १९७९ साली मांडलेली पद्धत अशी : लहानसा छेद घ्यायचा, कंडरेतला तो करडा भाग कापून काढायचा, निरोगी भाग राखायचा. हल्ली हे दुर्बिणीनेही करतात. बहुतेकांना गुण येतो, सगळ्यांना नाही. आणि जड काम करायला तीन ते सहा महिने थांबावे लागते. घरचे रेशन कोण भरणार, हे मात्र शस्त्रक्रियेच्या पुस्तकात नसते.

तो फेटलिंगवाला तीन इंजेक्शने घेऊन काम करीत राहिला आणि शेवटी टेबलावर गेला. पाच महिन्यांनी हात कामाला लागला, तेव्हा त्याची जागा भरली गेली होती. ती परत मिळवायला आम्हाला दोन वर्षे लागली. त्या शेडमध्ये आता ग्राइंडरवरचा माणूस दर दोन तासांनी बदलतो. शेजारच्या शेडमध्ये अजून बदलत नाही.