हिरवी ठेव: कोणाच्या यादीप्रमाणे हिरवी?

(दिल्ली परिसरातील मराठी खातेदारांसमोर केलेले भाषण)



बँकेत गेलात की हल्ली 'ग्रीन डिपॉझिट' म्हणजे हरित ठेवीचे पत्रक हाती पडते. तुमच्या ठेवीतून सौरऊर्जा, विजेच्या बसगाड्या, सांडपाणी शुद्धीकरण अशा कामांना कर्ज दिले जाईल, असे त्यात म्हटलेले असते. कल्पना चांगली आहे. पण हिरवे कशाला म्हणायचे, हे ठरवते कोण?

आपल्या दिल्लीतलेच उदाहरण घ्या. ओखल्याला कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प आहे. धूर आणि राखेबद्दल शेजारच्या वसाहतींची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे; प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. तरी संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत या प्रकल्पाची नोंद झाली होती. उलट रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे हरित ठेवींचा पैसा थेट कचरा जाळण्याच्या कामाला देता येत नाही. एकाच तऱ्हेच्या कामाला एका यादीत जागा, दुसरीत मनाई! (२५ मेगावॉटहून मोठी जलविद्युत केंद्रेही रिझर्व्ह बँकेच्या यादीत बसत नाहीत. कोयनेच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल.)

म्हणून समान निकषांसाठी जगभर खटपट चालू आहे. जी-२० देशांनी २०१९ मध्ये ओसाकाला पायाभूत गुंतवणुकीची तत्त्वे मान्य केली. नुसता बांधकामाचा नव्हे, तर पुढच्या देखभालीचाही खर्च धरा, पर्यावरण जपा, नैसर्गिक आपत्तींचा विचार करा, कर्जाचा हिशेब उघडा ठेवा, असा त्यांचा रोख आहे. २०२३ मध्ये इथेच, दिल्लीच्या परिषदेत, उद्याच्या शहरांसाठी पैसा उभारण्याच्या तत्त्वांना मान्यता मिळाली. मात्र ही सगळी तत्त्वे ऐच्छिक आहेत. युरोपचे हरित रोख्यांचे मानक २०२४ च्या अखेरीस लागू झाले. आपल्या अर्थमंत्रालयाने स्वतःच्या वर्गीकरणाचा मसुदा मे २०२५ मध्ये मांडला. साऱ्या जगाला मान्य अशी एक मोजपट्टी अजून नाही.

पैसा कुठे जाणार हे आधी लिहून दिले की काय होते, ते गाझियाबादेत बघा. तिथल्या महापालिकेने २०२१ मध्ये हरित रोखे काढून १५० कोटी रुपये उभे केले, व्याज ८.१ टक्के. इंदिरापुरमचे सांडपाणी आणखी शुद्ध करून ते साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचे, असे काम ठरले. पैसा कशाला लागणार आणि उत्पन्न कुठून येणार, हे साध्या माणसालाही कळते. हे रोखे खासगी विक्रीने गेले, त्यामुळे तुमच्या-माझ्यापर्यंत आले नाहीत.

केंद्र सरकारचे हरित रोखे मात्र आपल्या आवाक्यात आहेत. जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिले १६,००० कोटींचे निघाले. रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' खात्यातून सरकारी रोख्यांत दहा हजार रुपयांपासून पैसे गुंतवता येतात. या रोख्यांची नियमावली नॉर्वेच्या सिसेरो या संस्थेने तपासली आणि 'मध्यम हिरवी' असा शेरा दिला. मला तो शेरा आवडला. 'शंभर टक्के हिरवे' म्हणणाऱ्या पत्रकापेक्षा असे मोजूनमापून दिलेले मत अधिक भरवशाचे.

आता ठेवीकडे वळू. हरित ठेवींबाबत संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण बँकेला संकेतस्थळावर ठेवावे लागते. पैसा कुठे लागला याची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तो अहवाल मागा. शाखेत कोणाला ठाऊक नसेल तर लेखी विचारा. पैसा त्या कामांत लागो वा न लागो, ठरलेले व्याज तुम्हाला मिळालेच पाहिजे.

हिरवी म्हणून ठेव जास्त सुरक्षित होत नाही, हे सांगायला लोक विसरतात. बँक बुडाली तर त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी, व्याज धरून, मिळून पाच लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे. हिरव्या ठेवीला वेगळे पाच लाख नाहीत. हे नियम ठेवी घेणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्या आणि गृहकर्ज कंपन्यांनाही लागू आहेत, पण त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेच्या ठेवींनाही तो नाही, आणि पतसंस्थेने 'ग्रीन' नावाची योजना काढली तर ती रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येतही नाही.