एकटीची होडी: प्लाय, इपॉक्सी आणि एक पोकळ पाइप

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले की मी एक शिडाची होडी बनवतेय, आणि तेव्हापासून मेसेजेसमध्ये एकच प्रश्न येतोय: "ताई, कशाची बनवलीस? लाकूड की फायबर?" तर आजचा भाग त्यावरच. आधीच सांगते, मी सुतार नाही. बीटेक कॉम्प्युटर, आठवडाभर पुण्यात लॅपटॉपसमोर, आणि शनिवार-रविवार अलिबागजवळ आजोळच्या पडवीत लाकडाचा भुसा खात. त्यामुळे हे तज्ज्ञाचं व्याख्यान नाही. माझ्या चुका ऐका आणि तुमच्या वेगळ्या करा.

होडी दहा फुटी, सपाट तळाची, एकट्या माणसाने चालवायची. इंग्रजीत डिंगी म्हणतात ती. पद्धत 'स्टिच अँड ग्लू'. म्हणजे प्लायचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडून तारेने चक्क शिवायचे आणि सांध्यात इपॉक्सी भरून वरून काचेचं कापड चिकटवायचं. १९६२ साली ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरकामाचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल यांनी 'मिरर' नावाची होडी काढली. लोकांनी ती याच पद्धतीने आपापल्या गॅरेजमध्ये हजारोंनी बनवली. आपल्याकडे गॅरेज नाही, पडवी आहे. चालतंय.

आता मटेरियल. मी सगळ्यात आधी केली ती एक्सेल शीट. (हसू नका, सवय आहे.) आणि पहिला कॉलम किंमतीचा नव्हता, वजनाचा होता. कारण साधं आहे: माझं वजन ५४ किलो. होडी पाण्यापर्यंत मलाच ओढायचीय आणि पाण्यात उलटली तर सरळही मलाच करायचीय. दोघांच्या होडीत दुसरा हात असतो. इथे नाही.

आपल्याकडे मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० मानकाचा. तो बहुतेक वेळा गर्जन लाकडाचा असतो. मजबूत, पण जड. साधारण ७०० किलो प्रति घनमीटर धरा. आठ बाय चारची ६ मिलिमीटरची एक शीट झाली साडेबारा किलो. परदेशातले हौशी लोक गबून नावाच्या आफ्रिकन लाकडाचा प्लाय वापरतात, तो ४५० च्या आसपास, म्हणजे तीच शीट आठ किलो. चार शीटमागे अठरा किलोंचा फरक! पण तो मागवायचा तर वाहतुकीसकट माझ्या बजेटबाहेर. मग मधला मार्ग काढला: तळाला ६ मिलिमीटर, कारण तिथे पाय पडतात, वाळू घासते. बाजूंना ४ मिलिमीटर. चार शीटमध्ये आठ किलो तिथेच वाचले.

आणि इथे पहिला घोळ झाला. एका दुकानातून (नाव घेत नाही) चार शीट आणल्या. शिक्का व्यवस्थित, ७१० स्पष्ट छापलेलं. मी उत्साहात तळाचे दोन भाग कापूनही टाकले. मग रात्री वाचताना कळलं की या दर्जाच्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळून करतात. म्हटलं, आपण निदान चार तास तरी उकळू. उरलेल्या तुकड्यांमधून प्रत्येक शीटचे दोन इंची चौकोन कापले, मामीच्या जुन्या पातेल्यात टाकले. (त्या पातेल्यात आता काहीही शिजत नाही, हे मला रोज ऐकवलं जातं.) उकळले, उन्हात वाळवले, परत उकळले. दोन शीटचे तुकडे जसेच्या तसे. दोन शीटचे तुकडे पुस्तकासारखे उघडले. आणि मी कापलेला तळ नेमका त्याच शीटचा.

बाबा म्हणाले, "अगं, वरून इपॉक्सी लावणारच आहेस ना? रंग मार, कोणाला दिसतंय?" खरं सांगते, एक पूर्ण आठवडा मी त्याच विचारात होते. पैसे गेलेले, दुकानदार कापलेला माल परत घेणार नाही, आणि इपॉक्सीने लाकूड सील होतं हे खरंच आहे. पण ते सील एका ओरखड्यात फुटतं. खडक लागला, पाणी कडेतून आत शिरलं की आतला गोंदच टिकाऊ नसेल तर तळ बाहेरून चकचकीत आणि आतून पापड. आणि ते मला कळणार कधी? किनाऱ्यापासून लांब असताना. शेवटी ते दोन भाग नव्या तळासाठी साचा म्हणून वापरले आणि दोन शीट दुसरीकडून, आधी तुकडा उकळून, आणल्या. तुम्ही घ्याल तेव्हा अजून एक करा: शीटच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. मधल्या थरांत फटी दिसल्या तर ती शीट सोडा. बोटाने वाजवत जा, पोकळ जागी आवाज बदलतो.

पुढचा प्रश्न रेझिनचा. जवळच्या फायबरवाल्याकडे पॉलिएस्टर रेझिन आणि चटईसारखी मॅट मिळते, स्वस्तात. नुसत्या फायबरच्या होडीला ते ठीक. पण पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही, काही वर्षांनी सुटायला लागतं. मग इपॉक्सी घेऊन तीच मॅट वापरावी का? तर तेही नाही. त्या मॅटचे धागे ज्या चिकट पदार्थाने बांधलेले असतात, तो सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट कडक राहते, कोपऱ्यावर बसतच नाही. त्यामुळे इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या, २०० ग्रॅमचं पुरतं. तेच स्टायरिन थर्मोकोलही खातं. मी ट्रायल म्हणून थर्मोकोलवर पॉलिएस्टर ओतलं होतं. दहा मिनिटांत खड्डा! इपॉक्सी तसं करत नाही.

इपॉक्सीची एक खोड मात्र कोकणात जास्त जाणवते. मे महिन्यात दुपारी मगमध्ये एकदम ३०० ग्रॅम मिसळलं. मग हातात गरम झाला, धूर यायला लागला, अंगणात फेकावा लागला. आता पहाटे काम करते, थोडंथोडं मिसळते आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतते. दमट हवेत वाळल्यावर वर तेलकट थर येतो, तो साध्या पाण्याने घासून धुवायचा, नाहीतर पुढचा थर चिकटत नाही. हातमोजे आणि मास्क घालाच. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही.

बाय द वे, हे लाकूड आणि फायबरचं मिश्रण फक्त हौशी लोकांचं नाही हं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली 'म्हादेई'सुद्धा लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास अशीच. ती ५६ फुटी, माझी १०. पण मनाला बरं वाटतं.

स्क्रूचं पटकन सांगते: खाऱ्या पाण्यात लोखंड नको, पितळही नको, त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं. स्टेनलेस घ्याल तर ३१६. वल्ह्याच्या खुंट्यांखाली आणि कडेला सागवान लावलं. ते तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसायचं.

जेटीवरच्या एका नाखवा काकांनी होडी बघून एकच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात कुठं ठेवणार?" मला वाटलं होतं ते खाऱ्या पाण्याचं विचारतील. पण लाकूड कुजतं ते गोड्या पाण्याने, होडीत साचलेल्या पावसाने. म्हणून बंद कप्प्यांना झाकणं लावलीत, जी किनाऱ्यावर उघडी ठेवायची, आणि होडी ठेवताना उपडी.

पुढे आणि मागे असे हवेचे दोन बंद कप्पे आहेत. कप्पाच गळला तर? म्हणून आत झाकणं घट्ट लावलेल्या दोन लिटरच्या चाळीस रिकाम्या बाटल्या भरल्या. ८० लिटर, म्हणजे साधारण ८० किलोंचा उचल, फुकटात. होडीचं वजन बाथरूमच्या काट्यावर केलं, आधी एक टोक, मग दुसरं, आणि बेरीज: ४७ किलो. नाचले मी.

डोलकाठीचा विचार मी किती केला माहितीये? दहा मिनिटं. बांबू जड वाटला, अॅल्युमिनियमचा पाइप घेतला. शीड सध्या ताडपत्रीचं. झालं.

मग रेवदंड्याच्या खाडीत, लाइफ जॅकेट घालून, मामा छातीभर पाण्यात उभा असताना, होडी मुद्दाम उलटवायची चाचणी. होडी आडवी झाली. मी मधल्या फळीवर उभी राहायला गेले, तोवर डोलकाठी खाली खाली जायला लागली. काही सेकंदांत होडी पूर्ण पालथी आणि काठीचं टोक चिखलात. पाइप दोन्ही टोकांना उघडा होता! पाणी भरलं आणि शिडाच्या वर तरंगायला हवी ती गोष्ट नांगर झाली. मी फळीला लटकले, ५४ किलोंनी काहीच हललं नाही. मामाने ओढली तेव्हा सरळ झाली. मामा नसता तर मी तिथेच पालथ्या तळावर बसून राहिले असते, माझ्या उकळून निवडलेल्या प्लायवर.

घरी येऊन पाइपच्या दोन्ही टोकांत फोमचे बोळे ठोकले, वर इपॉक्सी ओतलं, आणि पाइप रात्रभर विहिरीच्या टाकीत बुडवून ठेवला. सकाळी हलवून बघितला, आत पाण्याचा आवाज नाही. पुढच्या रविवारी परत तीच चाचणी. काठी पाण्यावर आडवी तरंगत राहिली. मी फळीवर चढले, मागे झुकले, आणि होडी उठली. मामा लांबून ओरडत होता, "पकड, पकड, पळाली बघ!" कारण सरळ झाल्यावर वाऱ्याने ती माझ्याशिवायच निघाली होती.