भाकीत कुणाचेही असो, वहीत लिहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पारावर एकच विषय असतो. भेंडवळचा घट काय म्हणाला? जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी आदल्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार 18 धान्ये ठेवतात. मध्ये खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि त्यांवर पाण्याची घागर. पहाटे कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले, हे पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात.

कृषी पदवी घेऊन नव्यानेच गावोगाव हिंडू लागलो तेव्हा आम्ही एका बैठकीत या घटाची भरपूर टिंगल केली. रात्री वारा सुटतो, मुंगी येते, किडा फिरतो. दाणा हलणारच. त्याचा ढगांशी काय संबंध? सगळे हसले. मागे बसलेले एक म्हातारेबुवा हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, 2002 साली तुमच्या हवामान खात्यानं किती पाऊस सांगितला होता?"

आम्ही गप्प झालो. त्या वर्षी खात्याने देशात सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला होता. पडला 81 टक्के. ऐन जुलैत तर तो निम्म्यावर आला. म्हातारेबुवा म्हणाले, "त्याईचंही चुकते, तुमचंही चुकते. मंग फरक काय राह्यला?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला बरीच वर्षे लागली. आज देतो.

खात्याने आकडा सांगितला होता, म्हणून तो चुकल्याचे कळले. 1988 पासून वापरात असलेले 16 घटकांचे गणित त्यामुळे बदलावे लागले आणि 2003 मध्ये नवे आले. पुढे 2009 साली एप्रिलमध्ये 96 टक्के सांगितले आणि पडले 78 टक्के. तेही जगासमोर आले. चूक लपवता येत नाही, हीच शास्त्राची ताकद. "पाऊस कुठे कमी, कुठे जास्त, पीक साधारण" हे वाक्य मात्र कोणत्या वर्षी खोटे ठरेल? जे कधी खोटेच ठरू शकत नाही, ते पेरणीच्या कामाचे नाही.

शेतकरी अडाणी आहे म्हणून घटाकडे जातो, असे शहरातले लोक म्हणतात. ते खोटे आहे. ज्याचे पीक आभाळाच्या हाती आणि भाव दुसऱ्याच्या हाती, त्याला कोणीतरी आधी सांगावे असे वाटणारच. घटाला नमस्कार करायला आमची ना नाही. पण "जून चांगला" एवढे ऐकून धूळपेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे आपले जाते, दुबार पेरणीचे कर्ज आपल्या डोक्यावर बसते. भाकीत सांगणाऱ्याचे काहीच जात नाही.

आणि शास्त्र म्हणजे साहेबाचा शब्द नव्हे. बीटी आली, बोंडअळीची चिंता कायमची मिटली, हेही आपण डोळे मिटूनच मानले ना? 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा डोळे उघडले. पाकिटावर विसंबून राहणे हीदेखील घटमांडणीच होती. आमच्यासारख्या पदवीधरांनीही ती मांडली, हे कबूल करतो.

म्हणून एक काम सांगतो. घरात शंभर पानी वही करा. तीन रकाने आखा. घट काय म्हणाला, खाते काय म्हणाले, आपल्या शेतात किती पडला. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा शेतात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टी बुडवून पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. बेरीज 75 ते 100 मिलिमीटर झाली, वीतभर खणून ओल लागली, की मगच कपाशीला हात घाला. भाकीत कुणाचेही असो, पेरणीचा हुकूम जमिनीतल्या ओलीचा.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला ती वही घेऊन या. पारावर सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवू. म्हातारेबुवांनी आम्हाला विचारले तसेच घटाला विचारा, खात्याला विचारा, बियाण्याच्या दुकानदाराला विचारा. आणि या मंचावरून बोलणाऱ्या आम्हालाही सोडू नका.