न पोचलेल्या पार्सलचा निवाडा



सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारा कारागीर आज आपला माल नागपूरच्या ग्राहकाला घरबसल्या विकू शकतो. पूर्वी असा व्यवहार व्ही.पी.ने होत असे. पोस्टमन पार्सल हाती देई, पैसे मोजून घेई आणि ते मनीऑर्डरने विक्रेत्याकडे येत. माल आणि मोबदला यांची गाठ एकाच उंबरठ्यावर पडे. आगाऊ पैसे भरलेल्या ऑनलाइन व्यवहारात ती पडत नाही. पैसे बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीकडे असतात, पार्सल कुरिअरकडे असते. आणि एके दिवशी तक्रार येते, ‘माल मिळालाच नाही.’ कंपनीच्या नोंदीत मात्र तो ‘पोचला’ असे असते.

ग्राहक लबाड असावा, हा विक्रेत्याच्या मनात येणारा पहिला विचार. लबाडी अजिबात होत नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथून आरंभ करणे न्यायाचे नाही. वस्तू मिळाली नाही, हे ग्राहकाने सिद्ध तरी कसे करावे? रिकाम्या हातांची पावती कोणी देत नाही. म्हणून ‘पोचली’ असे म्हणणाऱ्यानेच ते दाखवून दिले पाहिजे.

1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 39 असे सांगते की, वाहतूकदाराच्या हवाली केलेला माल प्रथमदर्शनी ग्राहकाला दिला असे मानावे. काही विक्रेते या कलमाचा आधार घेऊ पाहतात. परंतु येथे वाहतूकदार बहुधा कंपनीने नेमलेला असतो. ग्राहकाला त्याचे नावही आधी ठाऊक नसते. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. दैवी आपत्तीसारखा अपवाद वगळता, ठरल्या मुदतीनंतर पोचलेल्या मालाचे पैसे परत करण्यासही विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशिरा आलेल्या मालाला जो न्याय, तो न आलेल्या मालाला नाकारणार कसा?

तेव्हा विक्रेत्याने तयारी आधीच ठेवावी. पार्सल बांधताना वस्तूचे व पत्त्याच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढावे, वजन टिपावे, कुरिअरने माल उचलल्याची तारखेसह पोच जपावी. तक्रार येताच त्याच दिवशी उत्तर द्यावे. घरातील कोणी, शेजाऱ्याने वा वॉचमनने पार्सल घेतले काय, हे विनयाने विचारावे. कुरिअरला लेखी विचारावे : कोठे, किती वाजता, कोणाच्या हाती आणि कोणत्या सहीवर अथवा ओटीपीवर माल दिला? ग्राहकाने बँकेकडेही दाद मागितली आहे काय, याची खात्री करावी. नाहीतर एकाच मालाचे पैसे दोनदा जातील. कुरिअरकडून पुरावा न आल्यास मुदत संपण्याची वाट न पाहता पैसे परत करावेत किंवा दुसरी वस्तू पाठवावी, आणि भरपाईचा दावा स्वतंत्रपणे लावावा.

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. परत गेलेली रक्कम म्हणजे कारागिराची कित्येक दिवसांची मजुरी असते. कराराची कलमे कंपनीने लिहिलेली, पैसे तिच्याकडे, पोचवल्याची नोंद तिच्या हाती. आणि वादात निवाडा देणारीही तीच. ग्राहक कारागिराला चोर म्हणतो, कारागीर ग्राहकाला. आणि दोघे मिळून दारोदार पार्सले वाहणाऱ्या कामगारावर आळ घेतात. त्या कामगाराच्या डोक्यावर दिवसभराच्या पार्सलांचा बोजा असतो, याची आठवण कोणालाच राहत नाही.

यावर एकट्या विक्रेत्याची तक्रार पुरणार नाही. बचत गटांनी व कारागिरांच्या सहकारी संस्थांनी अशा वादांची सामाईक नोंदवही ठेवावी. एकाच कुरिअरकडून, एकाच भागात माल वारंवार गहाळ होत असेल तर ते त्या वहीत दिसेल. एकट्याच्या वहीत ते योगायोग ठरते. रक्कम कापण्यापूर्वी विक्रेत्याला पोचवल्याचा पुरावा दाखवावा व त्याचे म्हणणे ऐकावे, ही मागणी या नोंदींच्या बळावर करता येईल. ग्राहकाचे पैसे प्रथम परत मिळावेत. आणि ज्याच्या हातून माल हरवला, त्यानेच ते अखेर भरावेत. कारागिराला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता आल्या पाहिजेत.