दुसरी किल्ली



१९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांच्या ईमेल खात्यावर गूगलच्या नावाने पत्र आले : पासवर्ड परक्याच्या हाती गेला आहे, तात्काळ बदला. पत्र बनावट होते. कचेरीने तंत्रज्ञाला विचारले. त्याने गूगलचा खरा दुवाही दिला, परंतु उत्तरात ते पत्र ‘अस्सल’ असल्याचे लिहिले. लिहायचे होते ‘बनावट’, असा खुलासा त्याने मागाहून केला! पन्नास हजारांहून अधिक पत्रे चोरीस गेल्याचे जुलै २०१८ मधील अमेरिकी आरोपपत्रात नमूद आहे.

अशा वेळी कार्यकर्त्याच्या निष्काळजीपणाला दोष देणे सोपे असते. सुरक्षा-किल्लीचे महत्त्व हेच की, तिची भिस्त माणसाच्या सावधपणावर नाही. बोटाएवढ्या या उपकरणातील गुपित कधीही बाहेर पडत नाही, आणि तिची सही ज्या संकेतस्थळावर नोंद झाली तेथेच चालते. फोनवर आलेला ओटीपी भामट्याच्या पानावर टंकता येतो. ही सही तेथे निरुपयोगी ठरते. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांनी फसव्या पानावर पासवर्ड दिले. तरीही किल्ल्यांमुळे चोरांना आत शिरता आले नाही.

मात्र याच गुणात संकट दडलेले आहे. गुपित बाहेर येत नाही, म्हणून किल्लीची नक्कलही होत नाही. कुलूपवाल्याकडे जाऊन जोडकिल्ली करून आणावी, तसे येथे नाही. यास्तव आरंभीच दोन किल्ल्या घेऊन प्रत्येक खात्यावर दोहोंची स्वतंत्र नोंद केली पाहिजे. दुसरी निराळ्या वास्तूत ठेवावी. पण नवे खाते उघडले की तीही बाहेर काढून नोंदवावी लागते, आणि नेमका येथेच आळस नडतो. आणीबाणीचे संकेतांक कागदावर छापून कपाटात ठेवावेत. खाते परत मिळवण्यासाठी एसएमएसची वाट उघडी राहिली, तर पुढच्या दाराच्या भक्कम कुलपाला अर्थ उरत नाही.

पुष्कळ संघटनांत खात्याचा पासवर्ड एकाच उत्साही तरुणाच्या डोक्यात असतो. उद्या किल्लीही त्याच्याच खिशात राहिली आणि एसटीच्या गर्दीत पडली, तर सभासदांची यादी, पत्रव्यवहार, सारेच संघटनेला पारखे होईल. बँकेत दोघांच्या सह्या लागतात, त्याची कोणाला लाज वाटत नाही. तद्वत दुसरी किल्ली अन्य पदाधिकाऱ्याच्या स्वाधीन करून तशी नोंद वहीत व्हावी. आणि पदाधिकारी बदलला की त्याच दिवशी त्याच्या किल्लीची नोंद खात्यावरून काढून नव्याची करावी.