'गुन्हा' : कृत्याचा की माणसाचा?



'गुन्हा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ 'गुनाह' म्हणजे पाप किंवा दोष. जुन्या मराठी कागदपत्रांत 'गुन्हेगारी' म्हणजे अपराधाबद्दल वसूल केलेला दंड. ती महसुलाची एक बाब असे. बोलीत मात्र शब्दाचा नैतिक अर्थ टिकून राहिला. कामावरून काढलेला मजूर 'माझा काय गुन्हा?' असे विचारतो, तेव्हा दंडसंहितेचे कलम त्याच्या मनात नसते. आपल्या हातून कोणती आगळीक घडली, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

कायद्याचा अर्थ याहून अरुंद आहे. ज्या कृत्याला कायद्याने शिक्षा सांगितली, ते कृत्य म्हणजे गुन्हा. येथे भर कृत्यावर आहे. कृत्य सिद्ध झाले, तरच ते करणारा दोषी. व्यवहार हा क्रम पाळत नाही. पोलीस ठाण्यात 'गुन्हा दाखल' होतो म्हणजे गुन्हा घडल्याची खबर नोंदली जाते. पण तेवढ्यावर शेजारीपाजारी आणि वृत्तपत्रे आरोपीला गुन्हेगार ठरवून मोकळी होतात. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांत तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा दोष अद्याप सिद्ध व्हावयाचा होता.

हा शब्द कृत्यावरून माणसावर कसा सरकतो, याचे सर्वांत क्रूर उदाहरण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. त्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. १९११ च्या कायद्यानंतर त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही झाला. कैकाडी, पारधी यांसारख्या जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे; परवानगीवाचून हलता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, आणि तेथील माणसांचे श्रम शहरातील गिरण्यांना मिळत. या प्रश्नाला आर्थिक बाजू आहे, ती विसरून चालणार नाही. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहणाऱ्या भटक्यांचा व्यापार रेल्वेने आणि मिठावरील सरकारी नियंत्रणाने मोडला. आधी त्यांचे पोट हिरावले गेले, आणि मग त्यांच्या भटकण्याला गुन्ह्याचे नाव मिळाले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि जुना संशय नव्या नावाने राहिला. तुरुंगाच्या नियमावल्यांतील या जमातींविषयीचे भेदभावाचे उल्लेख सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवावे लागले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षे तो शब्द सरकारी कागदावर जिवंत होता.

एकीकडे हा शब्द माणसाला चिकटतो, तर दुसरीकडे कृत्यावरून अलगद निसटतो. एखाद्या कामगाराने कारखान्यातून दहा हजारांची तांब्याची तार नेली, तर ती चोरी. पोलीस त्याला वॉरंटाशिवाय पकडू शकतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची. त्याच कामगाराचे दहा हजार मालकाने बुडविले, तर त्याला 'थकीत वेतन' म्हणतात. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे कमी वेतन दिल्याच्या पहिल्या अपराधाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, कैद नाही.

कायद्याचे पंडित म्हणतील की, ते पैसे कामगाराच्या ताब्यात आलेच नव्हते, तेव्हा चोरी कशी? युक्तिवाद शास्त्रशुद्ध आहे. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अपुरा आहे. कामगाराने श्रम आधी दिलेले असतात. महिनाभर त्याने मालकाला जणू बिनव्याजी कर्ज दिलेले असते, आणि त्या श्रमाचा माल बाजारात विकलाही गेलेला असतो. जे गेले ते त्याचेच होते. तरीही समाज पहिल्याला चोर म्हणतो आणि दुसऱ्याला 'अडचणीत आलेला उद्योजक'.

याचा अर्थ तार नेणे योग्य, असा नव्हे. चोरीची झळ गरिबाला अधिक बसते. त्याच्या घराला पहारेकरी नसतो. मागणी एवढीच की मोजमाप एक असावे. आरोप असलेल्याला आरोपी म्हणावे, सिद्ध झाल्यावर दोषी म्हणावे, आणि कोणत्याही जमातीच्या नावाला 'गुन्हेगार' हे विशेषण कधीही लावू नये. बुडविलेल्या मजुरीला मात्र गुन्हा म्हणण्यास कचरू नये. कामगार संघटनांनी आपल्या तक्रार अर्जांतून, शिक्षकांनी वर्गातून आणि वार्ताहरांनी बातमीतून ही सुरुवात उद्यापासून करता येईल. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.