मुदतीबाहेरचे कर्ज आणि सहीची किंमत

कोरपना तालुक्यातील शेतकऱ्याचा हिशेब कापसाच्या मोसमावर चालतो. कापूस विकला गेला की जुने देणेही दारात येऊन उभे राहते. वसुलीस आलेला मनुष्य पुष्कळदा मोठी मागणी करीतच नाही. “पूर्ण रक्कम राहू द्या, तूर्त शंभर रुपये भरा व या कागदावर सही करा,” एवढेच तो म्हणतो. या सौम्य बोलण्यातच मेख आहे.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हातउसन्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत टळल्यावर देणे नाहीसे होत नाही, धनको ते मागू शकतो. परंतु न्यायालय हुकूमनामा देत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी देणे कबूल केले की तीन वर्षे नव्याने सुरू होतात. आणि मुदत संपल्यावरही फेडीचे लेखी वचन सही करून दिले, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या २५ व्या कलमान्वये तो बंधनकारक करार ठरतो. मेलेले कर्ज असे एका सहीने उठून बसते.

ही युक्ती जुनीच. १८५९ च्या कायद्यात तीन वर्षांची मुदत आली, तेव्हा सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून रयतेकडून नवे रोखे लिहून घेऊ लागले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो दंगा उसळला, त्यात लोकांनी जाळले ते सावकारांचे रोखे व वह्याच. कोरपन्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, म्हणून तो कायदा तेथे नव्हता, आजचा आहे.

तथापि प्रत्येक जुने कर्ज तीन वर्षांत सुटले असे मानणे घातक होईल. जमीन गहाण असल्यास दाव्याची मुदत बारा वर्षे आहे. सहकारी सोसायटीच्या सभासदाच्या देण्याची मुदत तर सभासदत्व संपल्यावर किंवा त्याच्या मृत्यूनंतरच मोजू लागतात.

खरे देणे बुडवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण मूळ कागद आणि शेवटच्या भरण्याची तारीख पाहिल्यावाचून सही करू नये, अंगठाही देऊ नये. स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्याला कागद दाखवावा. समन्स आले तर मात्र घरी बसू नये. वादीने तारखा झाकल्या तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि त्याची बजावणी बारा वर्षेपर्यंत मागता येते.